भरती झाली, आता पळायचं कशाला?

एक प्रश्न विचारू? तुम्ही शेवटचं कधी पळालात? बस सुटतेय म्हणून नाही, मागे कुत्रं लागलं म्हणून नाही. उगाच, मजा म्हणून. आठवत नाही ना? मलाही आठवत नव्हतं.

आमच्या फैजपुरात पळणारे कमी नाहीत. पहाटे साडेपाचला ग्राउंडवर या, अंधारात बुटांचा आवाज येतो. कोणी गोळा फेकतंय, कोणी मोबाइलवर वेळ लावून राउंड मोजतंय. तुम्ही नवीन दिसलात की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय भो, पोलीस की आर्मी?’ म्हणजे पळणारा माणूस भरतीचाच असणार, हे गृहीतच. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 गुण धावण्याचे, पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. बाकीचे 100 मीटर आणि गोळाफेकीचे. या आकड्यांवर आपल्याकडच्या कित्येक पोरापोरींची दोन-चार वर्षं जातात. खुल्या गटाला वयाची 28 वर्षं उलटली की दारच बंद.

यात वाईट काही नाही. नोकरी हवीच. माझं म्हणणं पुढच्या गोष्टीबद्दल आहे. भरती झाली की पळणं बंद, आणि भरती नाही झाली तरी पळणं बंद. जो लागला तो ड्युटीत अडकतो, वर्षभरात पोट सुटतं. जो नाही लागला तो तर ग्राउंडच्या रस्त्यानेही जात नाही.

माझा एक मित्र असाच. नाव सांगत नाही, तो हे पान वाचतो. तीन भरत्या दिल्या, तिसऱ्या वेळी दोन गुणांनी राहिला. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात छान तोच पळायचा. पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. निकालानंतर त्याने बूट माळ्यावर टाकले. नुसते बूटच टाकले असते तर ठीक होतं, त्याने माणसंही टाकली. फोन उचलेना, चौकात येईना. ‘काय झालं रे तुझं?’ हे ऐकायचं नाही म्हणून संध्याकाळी घरातच. पळणं ही त्याची परीक्षा होती. नापास झालेल्या विषयाचं पुस्तक कोण उघडतं?

तेव्हाच मला एका गमतीशीर क्लबाबद्दल कळलं. हॅश हाउस हॅरिअर्स असं त्याचं नाव. 1938 साली मलायातल्या क्वालालंपूरमध्ये तिथल्या काही ब्रिटिश नोकरदारांनी तो सुरू केला. ए. एस. गिस्पर्ट हा त्यातला मुख्य. ही मंडळी जिथे जेवायची तिथलं जेवण इतकं तेच तेच की त्या जागेला ‘हॅश हाउस’ असं टोपणनाव पडलं होतं. तेच क्लबाला चिकटलं. दर सोमवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की पळायचं आणि पळून झालं की एकत्र बसून बीअर प्यायची. गिस्पर्ट 1942 मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, पण क्लब युद्धानंतर पुन्हा उभा राहिला. आज जगभर त्याच्या शाखा आहेत, आपल्या मुंबई-दिल्लीतही. हे लोक स्वतःचीच टिंगल करतात: आम्ही पिणाऱ्यांचा क्लब आहोत, पळण्याची तेवढी एक वाईट सवय लागलीय.

आता बीअर ऐकून नाक मुरडू नका, त्यावर येतोच. आधी यांचं पळणं कसं चालतं ते बघा, खरी गंमत तिथे आहे.

इंग्लंडच्या शाळांमधला ससा आणि शिकारी कुत्रे हा जुना खेळ याच्या मुळाशी आहे. एकजण ‘ससा’ होतो आणि आधी निघून रानातून वाट आखतो. पूर्वी कागदाचे कपटे टाकत जायचे, आता पिठाच्या खुणा करतात. बाकीचे खुणा शोधत मागे पळतात. मध्येच एक गोल येतो आणि तिथे खुणा संपतात. पुढची वाट डावीकडे, उजवीकडे की नाल्यापलीकडे, कोणालाच माहीत नाही. त्यातल्या काही वाटा मुद्दाम फसव्या. मग जे वेगवान असतात ते चारी दिशांना सुटतात, चुकतात, परत येतात. कोणाला खरी खूण सापडली की तो ‘ऑन ऑन’ म्हणून ओरडतो आणि सगळे तिकडे वळतात. एवढ्या वेळात मागे राहिलेले धापा टाकत त्या गोलापाशी पोचलेले असतात.

समजलं का काय होतं ते? जो जोरात पळतो त्याला जास्त पळावं लागतं, जो हळू पळतो त्याला कमी. शेवटी सगळे थोड्याफार फरकाने एकत्रच पोचतात. पहिला नंबर नाही, मेडल नाही, घड्याळ नाही. मागच्याला ‘लवकर ये रे’ असं ओरडायची गरजही पडत नाही. नियमच असा केलाय की पुढच्याने थांबावं.

मला हे फार आवडलं. कारण आपण आयुष्यभर याच्या उलट खेळलोय. शाळेत टक्के, बारावीत ग्रुप, मग मेरिट लिस्ट, मग कट-ऑफ. दोन गुणांनी मागे राहिलेल्यासाठी कुठलाच गोल काढलेला नाही, जिथे पुढचे थोडे घुटमळतील आणि तो गाठेल.

कोणी म्हणेल, हे साहेबांचे चोचले आहेत, आपल्या मातीत कुठे बसणार? त्यांना मी आपल्याच गावाची गोष्ट सांगतो. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, नंदलाल बोस यांनी बांबू वापरून नगर सजवलं होतं. हे आपण शाळेत वाचतो. पण त्या अधिवेशनासाठी मुंबईहून इथपर्यंत मशाल आणली गेली, ती पळत. एकाने पळायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्याने पुढे न्यायची. ऑलिम्पिकची मशाल पहिल्यांदा पळत नेली तीही 1936 मध्येच, बर्लिनला. म्हणजे मिळून पळणं फैजपूरला नवीन नाही. त्या पळणाऱ्यांमध्ये कोण पहिला आला, असं कोणी विचारत नाही. मशाल पोचली, एवढंच महत्त्वाचं.

आता बीअरचं. आपल्या गावात पब नाही आणि नाही तेच बरं. महाराष्ट्रात बीअरला 21 आणि दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, हा कायदा झाला. पण कायदा सोडा. आपल्याकडे पिण्याला ‘बसणं’ म्हणतात, आणि त्या बसण्यातून कितीजण उठलेच नाहीत हे प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे. पळून आल्यावर अंगाला पाणी हवं असतं, दारू उलट पाणी काढून घेते. तेव्हा त्या क्लबातली बीअर त्यांना लखलाभ. तिच्या भोवतीचं जे आहे ते मात्र घेण्यासारखं आहे: पळून झाल्यावर लगेच घरी पळायचं नाही, एकत्र बसायचं. मोठा-लहान, साहेब-कारकून सगळे घामेजलेले, एका ओळीत.

आणि यासाठी आपल्याकडे पबपेक्षा भारी गोष्ट आहे. भरीत पार्टी! थंडी पडली की शेतात काड्या पेटवायच्या, बामणोदची हिरवी वांगी त्यात भाजायची, मिरची-लसूण घालून ठेचायची, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. सांगा, जगातल्या कुठल्या पबात हे मिळतं? अडचण एकच. आपण तिथे गाडीवर जातो, गाडीवर येतो आणि मधल्या वेळात फक्त जेवतो. मी म्हणतो, जाताना पळत जा.

आम्ही गेल्या थंडीत एकदा करून पाहिलं. अकरा जण होतो. मी ससा. दुपारी चारला घरून गव्हाचं पीठ घेतलं आणि गाडरस्त्याने खुणा करत निघालो. पहिल्याच वळणावर एका बाबांनी अडवलं. ‘काय रे, अन्न मातीत टाकतो?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण बाबांचंच खरं होतं. उरलेलं पीठ त्यांच्या गायीला घातलं आणि ग्राउंडवर पट्टे आखायला वापरतात ती फक्की आणून पुढची वाट आखली. तोवर मागच्या दोन खुणा कुत्र्याने चाटून साफ केल्या होत्या. त्यामुळे पोरं अशी भरकटली की मी न काढलेल्या फसव्या वाटाही त्यांना सापडल्या.

त्या अकरात तो माझा मित्रही होता. पळायला बोलावलं असतं तर आला नसता. ‘भरीत आहे, ये’ एवढंच सांगितलं होतं. माळ्यावरचे बूट नव्हतेच, चपलेवर आला. पहिल्या गोलापर्यंत सगळ्यात मागे होता. तिथे खुणा सापडेनात, सगळे इकडेतिकडे धावायला लागले, आणि मग काय झालं कोण जाणे, त्याने चपला हातात घेतल्या आणि सुटला. बांधाच्या पलीकडून त्याचाच आवाज आला, ‘इकडे आहे रे, इकडे!’ जवळजवळ वर्षभराने मी त्याला ओरडताना ऐकत होतो. त्या रात्री भरतीचा विषय कोणी काढला नाही. त्यानेच काढला, भाकरी मोडता मोडता, आणि हसत. यामुळे त्याचं सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही, नोकरीचा प्रश्न आहे तिथेच आहे. पण आता तो फोन उचलतो.

आमचं चुकलं तेही सांगतो. अकराच्या अकरा आम्ही पोरंच होतो. क्वालालंपूरचा तो क्लबही पुरुषांचाच होता, म्हणजे नको ती नक्कल आपोआप जमली. माझी बहीण दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘दादा, 800 मीटर आम्हीपण पळतो. मग शेतातलं भरीत आम्हाला डब्यातच का येतं?’ तिचं बरोबर आहे. भरतीचा फॉर्म भरला असेल तर पोरीच्या पळण्याला घरातून परवानगी मिळते, कारण त्याला कारण असतं. विनाकारण पळायची परवानगी मात्र तिला कोणीच देत नाही. ती मिळवायची तर वेळ अशी ठेवा की अंधाराच्या आत सगळ्या घरी पोचतील, दोन ताया, एखादी काकू सोबत घ्या. काकू हळू पळतील? पळू द्या की. गोल कशासाठी काढलेत?

करून बघणार असाल तर चार गोष्टी लक्षात असू द्या. ज्याच्या शेताजवळून जाणार त्याला आधी विचारा. केळीच्या बागेत शिरू नका, ठिबकच्या नळीवर पाय पडला तर शिव्या तुम्ही खाल आणि नुकसान त्याचं होईल. शिवाय यावल-रावेरच्या शिवारात बिबट्याची बातमी ही अफवाच असते असं नाही, म्हणून मोकळ्या गाडरस्त्याने, घोळक्याने, उजेडातच पळा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेचारला निघायला हवं. महामार्ग टाळा. आणि उन्हाळ्यात हा नाद नको, 45 अंशांत पळणं हा खेळ राहत नाही.

‘दिवसभर शेतात राबतो, वर आणखी पळू?’ असं म्हणणारेही भेटतील. त्यांना पळायला लावू नका. त्यांना ससा करा. शिवाराची प्रत्येक वाट त्यांनाच पाठ असते, फसवी वाट त्यांच्याइतकी चांगली कोण काढणार?

जळगावात रनर्स ग्रुप आहे, ‘खान्देश रन’ला शेकड्याने लोक पळतात, छानच आहे. पण त्याला फी असते, टी-शर्ट असतो, टायमिंग असतं. आपल्याला सुरुवातीला एवढं काही नको. चार मित्र, एक पिशवी फक्की आणि दोन किलो वांगी पुरे.

तुमच्याही ओळखीत असा एक जण असेल, बूट माळ्यावर टाकलेला. या शनिवारी त्याला फोन करा. पळायचं आहे असं सांगू नका. भरीत आहे म्हणा.