तक्रारीचा निवाडा पुराव्यावर व्हावा : सलून कर्मचाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
सलूनमालक, साखळी सलूनची व्यवस्थापने आणि घरपोच सौंदर्यसेवा देणाऱ्या ॲप कंपन्या,
पुणे व पिंपरी-चिंचवड.

माहितीसाठी प्रत : कामगार आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य.

विषय : ग्राहकांच्या तक्रारी व ऑनलाइन रिव्ह्यू यांच्या हाताळणीबाबत मागण्या.

महोदय / महोदया,

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील पार्लर, सलून व घरपोच सेवेत काम करणाऱ्या ब्यूटिशियन, हेअर स्टायलिस्ट, नेल टेक्निशियन आणि मदतनीस यांच्या वतीने आमची संघटना हे मागणीपत्र सादर करत आहे. सभासदांनी हा विषय फ्लोअर मॅनेजरकडे आणि शाखाप्रमुखांकडे वेळोवेळी काढला. ‘वर कळवतो’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. म्हणून आता लेखी मागणी करत आहोत.

ग्राहकाच्या तक्रारीच्या हक्काला आमचा विरोध नाही. सेवेत उणीव राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि ते योग्यच आहे. नाराज ग्राहकाने वाईट रिव्ह्यू लिहिला तर तोही तिचा अधिकार आहे. आमचा आक्षेप त्यानंतर सलूनच्या आत जे घडते त्याला आहे. चौकशी होत नाही, नोंद राहत नाही, आणि ग्राहकाला परत केलेली रक्कम महिनाअखेरीस कर्मचाऱ्याच्या पगारातून वजा झालेली दिसते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

1. प्रत्येक तक्रारीची लेखी नोंद

आज तक्रार रिसेप्शनवर सांगितली जाते, तिथून मॅनेजरकडे जाते आणि कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचेतो तिचा तपशील बदललेला असतो. कोणती सेवा, कोणते प्रॉडक्ट, ते किती वेळ ठेवले, नेमका त्रास काय झाला, यातले काहीच कागदावर नसते. पुढे वाद वाढला तर सलूनलाही स्वतःची बाजू सिद्ध करता येत नाही.

मागणी : प्रत्येक शाखेत पृष्ठक्रमांक असलेली तक्रार नोंदवही ठेवावी. तीत ग्राहकाचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तारीख, बिल क्रमांक, प्रॉडक्टचे नाव व बॅच क्रमांक लिहावा. ग्राहकाच्या संमतीने फोटो घ्यावा. ग्राहकाला त्याच दिवशी पोच आणि संबंधित कर्मचाऱ्याला 24 तासांत प्रत मिळावी.

2. सेवेपूर्वीची विचारपूस आणि पॅच टेस्ट

बऱ्याच तक्रारींचे मूळ सेवा सुरू होण्याआधीच असते. चेहऱ्याला रेटिनॉलचे क्रीम लावणाऱ्या ग्राहकाच्या वरच्या ओठावर वॅक्स केले तर त्वचा सोलवटू शकते. काळी मेंदी लावलेल्या केसांवर हायलाइट्स हवे तसे उठत नाहीत. ब्लीच झालेल्या केसांवर स्मूदनिंग केले तर केस तुटतात. हे ब्यूटिशियनला ठाऊक असते, पण शनिवार-रविवारच्या गर्दीत चार प्रश्न विचारण्याइतकीही उसंत तिला दिली जात नाही.

हेअर कलरचे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. पॅरा-फिनाइलीनडायअमाईन असलेल्या कलरच्या वेष्टनावर, त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करावी आणि हा रंग भुवया वा पापण्यांना लावू नये, अशी सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. या चाचणीला साधारण 48 तास लागतात. अपॉइंटमेंट मात्र त्याच दुपारची दिली जाते. टाळू लाल झाली की दोष हात लावणाऱ्या व्यक्तीचा ठरतो.

मागणी : कलर, ब्लीच, स्मूदनिंग, केराटिन, वॅक्सिंग आणि केमिकल पील या सेवांपूर्वी मराठी, हिंदी व इंग्रजीतील एक पानी फॉर्म भरून घ्यावा. त्यासाठी वेळापत्रकात 10 मिनिटे राखून ठेवावीत. नव्या ग्राहकाची पॅच टेस्ट 48 तास आधी मोफत करावी. जुन्या ग्राहकाने कलरचा ब्रँड बदलला तर ती पुन्हा करावी. ग्राहकाने चाचणी नाकारली तर तशी सही घ्यावी. धोका दिसल्यास सेवा नाकारण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असावा आणि त्या नकाराचा परिणाम तिच्या टार्गेटवर वा इन्सेंटिव्हवर होऊ नये.

3. सात दिवसांत चौकशी, दोन्ही बाजू ऐकून

सध्या रिव्ह्यू आला की निकाल लागलेला असतो. कर्मचाऱ्याला बोलावले जाते ते खुलासा मागण्यासाठी नव्हे, ग्राहकाला फोन करून माफी मागायला लावण्यासाठी.

दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलातील केसकापणीच्या तक्रारीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2021 मध्ये 2 कोटी रुपयांची भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये ती रक्कम रद्द केली आणि भरपाईचा आकडा पुराव्यावर ठरवावा म्हणून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. देशातील सर्वोच्च न्यायालय भरपाईसाठी पुरावा मागते. मग सलूनच्या मागच्या खोलीत कर्मचाऱ्याचा निकाल पुराव्याविना लागणे आम्हाला मान्य नाही.

मागणी : तक्रारीची चौकशी तिघांनी करावी : व्यवस्थापनाचा एक प्रतिनिधी, दुसऱ्या शाखेतील एक सीनिअर तंत्रज्ञ आणि कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक सदस्य. भाजणे, पुरळ, सूज किंवा केस गळणे अशा तक्रारींत व्यवस्थापनाच्या खर्चाने त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. कारण पुढील चारांपैकी कोणते ते निष्कर्षात नोंदवावे : कामातील चूक, प्रॉडक्टचा दोष, व्यवस्थेचा दोष (गर्दी, बिघडलेले मशीन, अपुरी माणसे), किंवा ग्राहकाने आवश्यक माहिती न देणे. निष्कर्षाची प्रत 7 दिवसांत ग्राहक व कर्मचारी या दोघांनाही मिळावी.

4. पगारातील बेकायदा कपात बंद

वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तीनुसार दंड करायचा तर कोणत्या कृत्यांसाठी, हे सक्षम प्राधिकरणाच्या पूर्वमंजुरीने सूचनाफलकावर आधी जाहीर करावे लागते. कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. एका वेतनकाळातील एकूण दंड वेतनाच्या 3 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, तो हप्त्यांनी किंवा 90 दिवसांनंतर वसूल करता येत नाही आणि जमा रक्कम कर्मचाऱ्यांच्या हितासाठीच वापरावी लागते. 3 टक्क्यांची मर्यादा त्याआधीच्या वेतन प्रदान कायद्यातही होती.

म्हणजे 15,000 रुपये वेतनावर एका महिन्यात कमाल दंड 450 रुपये होतो, तोही वरील सर्व अटी पाळल्या तरच. प्रत्यक्षात ग्लोबल कलरचे 5,000 रुपये ग्राहकाला परत दिले की तेवढेच पगारातून कापले जातात. नुकसानीपोटी कपातीची तरतूद कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेला माल आणि तिने हिशेब द्यायचा पैसा यांपुरती आहे. ग्राहकाला दिलेला रिफंड त्यात बसत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मागणी : रिफंड, मोफत पुनर्सेवा किंवा वाईट रिव्ह्यू या कारणांनी होणारी कपात तात्काळ थांबवावी. गेल्या 12 महिन्यांतील अशा कपातींचा व्यक्तिनिहाय हिशेब द्यावा आणि रक्कम पुढील दोन पगारांत परत करावी.

5. रिफंडचे ठरलेले नियम

आवाज चढवणाऱ्या ग्राहकाला पूर्ण पैसे परत मिळतात, शांतपणे सांगणारीला पुढच्या वेळी 10 टक्के सूट. हा ग्राहकांवरही अन्याय आहे. त्यातून आरडाओरडा केला की काम होते, असा समज पसरतो आणि तो आरडाओरडा खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सोसावा लागतो.

मागणी : नियम लेखी करून दर्शनी भागात लावावा. कट, कलर किंवा फेशिअलबाबत 7 दिवसांत आलेल्या रास्त तक्रारीवर पहिला उपाय मोफत दुरुस्ती हा असावा. दुरुस्ती शक्य नसल्यास किंवा ग्राहकाचा विश्वास उडाला असल्यास रिफंड द्यावा. इजा झाली असल्यास उपचारांचा खर्च सलूनने चौकशीची वाट न पाहता आधी द्यावा. बिल सलूनच्या नावाने निघते, म्हणून ही जबाबदारी सलूनचीच आहे. दुरुस्तीसाठी लागलेला वेळ कर्मचाऱ्याच्या कामाच्या तासांत धरावा.

6. रिव्ह्यूला उत्तर देण्याची पद्धत

काही शाखांत रिव्ह्यूला उत्तर म्हणून ‘संबंधित कर्मचाऱ्याला काढून टाकले आहे’ असे नावासकट लिहिले जाते. काही ठिकाणी रागाच्या भरात ग्राहकाच्या त्वचेचा किंवा केसांचा तपशील जाहीर केला जातो. दोन्ही गोष्टी गैर आहेत. कर्मचाऱ्याचे नाव एकदा इंटरनेटवर गेले की नव्या नोकरीच्या मुलाखतीतही ते समोर येते.

मागणी : उत्तर फक्त प्रशिक्षित आणि नेमलेल्या व्यक्तीनेच द्यावे, 48 तासांच्या आत. त्यात खेद, तक्रार क्रमांक आणि संपर्काची व्यक्ती एवढेच असावे. कर्मचाऱ्याचे नाव, फोटो किंवा तिच्यावरील कारवाई लिहू नये. ग्राहकाची वैयक्तिक माहितीही लिहू नये. चौकशी संपल्यावर निष्कर्ष दोन ओळींत त्याच ठिकाणी नोंदवावा. यापूर्वी प्रसिद्ध झालेली नावे 15 दिवसांत काढावीत.

7. रिव्ह्यूचे टार्गेट नको, खोटे रिव्ह्यू नकोत

सभासदांना महिन्याला ठरावीक 5 स्टार रिव्ह्यू आणण्याचे टार्गेट दिले जाते. ते पुरे करण्यासाठी नातेवाईक, मैत्रिणी आणि शेजाऱ्यांकडून रिव्ह्यू लिहवून घ्यावे लागतात. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस 19000:2022 हे मानक आणले. विकत घेतलेले आणि प्रायोजित रिव्ह्यू रोखणे हा त्याचा उद्देश आहे. गूगलच्या धोरणातही मोबदला देऊन रिव्ह्यू मिळवण्यास आणि केवळ खूश ग्राहकांकडूनच ते मागण्यास मनाई आहे. व्यवस्थापन आम्हाला जे करायला लावते ते या दोन्हींच्या विरुद्ध आहे.

मागणी : रिव्ह्यूचे टार्गेट व त्याला जोडलेला इन्सेंटिव्ह रद्द करावा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणे बंद करावे. प्रत्येक ग्राहकाला एकच तटस्थ विनंती जावी. खोट्या किंवा शिवीगाळ करणाऱ्या रिव्ह्यूविरुद्ध संबंधित मंचाकडे तक्रार नोंदवण्याचे काम व्यवस्थापनाने करावे.

8. ॲपवरील रेटिंग आणि आयडी

समजा, नव्या ब्यूटिशियनला 10 ग्राहकांनी 5 स्टार दिले आणि अकराव्या ग्राहकाने 1 दिला. तिची सरासरी 4.64 होते. पुन्हा 4.8 गाठायला तिला सलग 9 ग्राहकांचे 5 स्टार लागतात. हीच एक तक्रार 200 ग्राहक झालेल्या सीनिअरच्या बाबतीत सरासरी 4.98 वर आणते. तक्रार एक, शिक्षा मात्र नवीन व्यक्तीला कित्येक पटींनी जड.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 नुसार कंपनीने ग्राहकाच्या तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि ती महिनाभरात सोडवायची असते. कंपनीला महिना मिळतो. कर्मचाऱ्याची आयडी मात्र त्याच संध्याकाळी ब्लॉक होते.

मागणी : 50 रेटिंग पूर्ण होईपर्यंत सरासरीवरून कोणतीही कारवाई करू नये. ट्रॅफिक, पाणी नसणे, वीज जाणे, किटमधील प्रॉडक्ट खराब निघणे अशा कारणांचे कमी रेटिंग गणनेतून वगळावे. आयडी बंद करण्यापूर्वी लेखी कारण व 14 दिवसांची पूर्वसूचना द्यावी. कर्नाटकाने गिग कामगारांसाठीच्या 2025 च्या कायद्यात अशी पूर्वसूचना बंधनकारक केली आहे. तिथे जे करता येते ते पुण्यातही करता येईल. निर्णयाविरुद्ध माणसासमोर, मराठीत, अपील करता यावे.

9. गैरवर्तनाला नकार दिल्याची शिक्षा नको

घरपोच सेवेत गेलेल्या सभासदाने गैरवर्तनाला विरोध केला, अर्धवट काम सोडून ती बाहेर पडली, आणि तासाभरात तिच्या नावे 1 स्टार पडला, असे प्रकार घडतात. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यात, कामानिमित्त जावे लागणारे घरही कामाचे ठिकाण धरले आहे.

मागणी : अशा तक्रारीत ग्राहकाचे रेटिंग ताबडतोब गोठवावे, त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्यावेत आणि त्या ग्राहकाकडे पुन्हा कोणत्याही सभासदाला पाठवू नये. 10 हून कमी कर्मचारी असलेल्या सलूनमध्ये जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावावा.

आमची बांधिलकी

सभासद फॉर्म भरल्याशिवाय केमिकल सेवा सुरू करणार नाहीत. चूक झाली असेल तर नोंदवहीत ती स्वतः लिहितील. चौकशीत कामातील चूक सिद्ध झाली तर दोन दिवसांचे पुनर्प्रशिक्षण घेतील. वारंवार निष्काळजीपणा सिद्ध झालेल्या सभासदाची पाठराखण संघटना करणार नाही.

खर्च आणि शक्यता

नोंदवही, फॉर्म आणि सूचनाफलक यांचा खर्च किरकोळ आहे. पॅच टेस्टला थोडासा कलर आणि पाच मिनिटे लागतात. मोठा खर्च रिफंडचा, आणि तो आधीची विचारपूस नीट झाली तर कमी होईल. एक अनुभवी ब्यूटिशियन सोडून गेली की तिचे ग्राहकही तिच्यासोबत जातात, हा तोटा मालकांनी हिशेबात धरावा.

मुदत

या पत्राच्या तारखेपासून 15 दिवसांत संघटनेच्या पाच प्रतिनिधींशी बैठक व्हावी आणि 45 दिवसांत सर्व शाखांना लेखी आदेश जावेत. एकदम सर्वत्र शक्य नसेल तर प्रत्येक साखळीने दोन शाखांत तीन महिने प्रयोग करावा. त्याचे निष्कर्ष आम्ही मिळून तपासू. प्रतिसाद न मिळाल्यास आम्ही कामगार आयुक्तालयाकडे रीतसर दाद मागू.

बाकी मागण्यांवर चर्चेला जागा आहे. मागणी क्रमांक 4 वर नाही. कायद्याच्या मर्यादेबाहेरची कपात आजच बेकायदा आहे आणि ती या महिन्याच्या पगारापासून बंद झाली पाहिजे.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
(सभासदांच्या वतीने)