न्हाणीघरातला विस्तव

मार्गशीर्षातल्या पहाटे, आळंदी रस्त्यावरच्या रहदारीला पुरती जाग येण्यापूर्वी, विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत एक आवाज नित्यनेमाने ऐकू येतो. मजल्यामजल्यावर थंड पाणी बादलीत किंवा थेट मोरीत पडत असते, आणि गच्चीवरच्या सौर टाकीतले ऊन पाणी आता तरी अवतीर्ण होईल या आशेने घरोघरी कोणीतरी धारेखाली बोटे धरून उभे असते. याच प्रतीक्षेला कंटाळून शेजारचे एक निवृत्त गृहस्थ गेल्या रविवारी दोन माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही लिहिता-वाचता, तेव्हा तुम्हीच सांगा, गॅसचा गिझर घ्यावा की विजेचा?’’ मी विचारले, ‘‘तुमच्या न्हाणीघराची खिडकी केवढी आहे?’’ ते किंचित रागावले. खिडकीचा आणि गिझरचा संबंध काय, असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट होता. आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे.

पेशवाईत कोकणातून येऊन कसबा पेठेच्या तांबट आळीत स्थायिक झालेल्या कारागिरांनी मठारकाम करून जो तांब्याचा बंब घडवला, त्याच्या काळी हा संबंध कोणाला समजावून सांगावा लागत नसे. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राख आणि वर धुराडे, एवढाच त्याचा संसार. परंतु ढलप्या किती घातल्या म्हणजे किती माणसांची आंघोळ उरकते, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे, आणि दारे-खिडक्या लावून बंब पेटवण्याची दुर्बुद्धी सहसा कोणाला होत नसे, कारण धुराने डोळे चुरचुरून आगाऊ ताकीद मिळे. शिवाय थंडीत त्याच बंबाशेजारी बसून हातपाय शेकता येत. पाणी आणि ऊब एकाच विस्तवातून देणारे ते यंत्र होते.

आज तोच दुहेरी कारभार विलायतेतल्या मराठी कुटुंबांच्या घरी ‘कॉम्बी बॉयलर’ नावाची भिंतीवरची पेटी सांभाळते. तिच्यात साठ्याची टाकी नसते. नळ उघडला की वाहते पाणी तापते, आणि एरवी तीच ज्योत खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांना उष्णता पुरवते. मात्र ती निवडताना स्नानगृहे किती, मुख्य नळाला दाब किती आणि धूर बाहेर कोठून जाणार, याचा आधी विचार होतो, आणि गॅसची जोडणी नोंदणीकृत कारागिराकडूनच करून घ्यावी असा तिकडे कायदा आहे. आमच्या पुण्यात जानेवारीतला पारा कधीकधी दहा अंशांखाली उतरला, तरी दुपारच्या उन्हात स्वेटर काढावा लागतो. घर तापवण्याची तजवीज आम्हांला नको, प्रश्न केवळ पाण्याचा. परंतु निवडीपूर्वी घराची पाहणी करण्याची ती वहिवाट मात्र आम्ही अवश्य उचलावी.

पाहणीचा पहिला भाग हिशेबाचा आहे. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर आणण्यास सुमारे अर्धे युनिट वीज लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात कोणतीही कंपनी सूट देऊ शकत नाही. तीन किलोवॅटचा ‘इन्स्टंट’ म्हणवणारा गिझर या कामाला नऊ मिनिटांहून अधिक घेतो, म्हणजे त्याची धार करंगळीएवढी ठेवावी लागते; भांडी घासण्यास तो ठीक, पौषातल्या स्नानास नव्हे. पंधरा लिटरची, दोन किलोवॅटची साठवणीची टाकी साठ अंशांवर येण्यास वीसेक मिनिटे घेते खरी, परंतु त्या कढत पाण्याला तितकेच विसण घातले की तीस लिटर ऊन पाणी हाती येते. पंधरा लिटर एका माणसालाही पुरणार नाहीत म्हणून पंचवीस लिटरची टाकी गळ्यात मारणारा विक्रेता हे विसण हिशेबात धरीत नाही. आमच्या आज्या ते धरीत असत.

दुसरा भाग हवेचा. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गॅसचा गिझर दहा किलोवॅटांच्या घरातली उष्णता देतो. वेग हवा असेल तर त्याला तोड नाही. परंतु तो ज्योतीवर चालतो, ज्योत हवा खाते, आणि कोंडलेल्या न्हाणीघरात हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो, आणि स्नान करणाऱ्याला संकटाची जाणीव होण्यापूर्वीच शुद्ध हरपते. बंबाचा धूर निदान वर्दी देत असे. म्हणून गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या बाल्कनीत बसवता येत असेल आणि त्याचा धूर थेट उघड्यावर जात असेल तरच घ्यावा. येत नसेल, तर त्याचे नाव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा भाग अंतराचा आणि पाण्याच्या जातीचा. सौर यंत्रणेसाठी आमची महानगरपालिका मिळकतकरात सवलत देते, आणि बहुतेक दिवस सूर्यही आपले काम चोख बजावतो. दोष असतो तो नळाच्या मांडणीत. गच्चीपासून तीस मीटर खाली उतरणाऱ्या एक इंची नळात सुमारे पंधरा लिटर पाणी रात्रभर गार होऊन पडलेले असते, आणि ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते त्याच भागात ते रोज पहाटे मोरीत सोडून दिले जाते. नळांना उष्णतारोधक वेष्टन आणि पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप, एवढ्या बंदोबस्ताने हा अपव्यय बराच टळतो. परंतु यंत्रणा गच्चीवर दिसली आणि दाखला मिळाला म्हणजे कर्तव्य संपले, असा बांधणारांचा शिरस्ता दिसतो. विंधनविहिरीचे जड पाणी असेल तर सौर नळ्यांत आणि गिझरच्या कांडीवर क्षाराचे पुट चढते. तेथे वर्षातून एकदा सफाई आणि टाकीतल्या मॅग्नेशियमच्या कांडीची तपासणी, हा खर्च प्रथमपासूनच गृहीत धरावा.

तात्पर्य, सूर्य असेल तेव्हा सूर्य, आणि ढगाळ दिवसांसाठी नळाशेजारीच लहानशी विजेची टाकी, ही जोडी आमच्यासारख्या सदनिकांना वाजवी. ज्याला अधिक वेग हवा, त्याने आधी मोकळी हवा दाखवावी.

शेजारी परवा पुन्हा आले. त्यांच्या न्हाणीघराला हातभर खिडकी आहे. मात्र डासांच्या भयाने ती गेली सहा वर्षे पुठ्ठा ठोकून बंद केलेली होती. पुठ्ठा त्यांनी काढला आहे. माहितीपत्रके अद्याप माझ्या मेजावर आहेत, आणि गॅसचे पत्रक परत नेण्याची त्यांना घाई दिसत नाही.

— गृहस्थ