पावती कोणाच्या नावावर?

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एका मैत्रिणीने पगारातून साठवून पाच ग्रॅमचे सोन्याचे नाणे घेतले. पावती मात्र नवऱ्याच्या नावावर. म्हणाली, "ताई, घर एकच ना!"

मला हे पटत नाही. आपल्या आज्या पुतळ्यांची माळ घालत. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. अडीनडीला त्यातली एखादी मोडता येई. माळ गळ्यात होती, म्हणून ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असे.

२०१५ साली सरकारने अशोकचक्राचे २४ कॅरेटचे नाणे काढले. नाण्याला दागिन्यापेक्षा घडणावळ कमी, मोडताना तूटही कमी. बचत म्हणून ते चांगलेच. पण नाणे गळ्यात नसते, कपाटात असते, आणि किल्ली बहुधा दुसऱ्याकडे.

स्त्रीधनावर बाईचीच पूर्ण मालकी, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सांगितले. स्वकमाईचे सोने तर तिचेच. पण घराबाहेर काढलेल्या बाईला आधी विचारतात, पुरावा काय?

मैत्रिणींनो, हा अविश्वास नव्हे, आपल्या घामाचा हिशेब आहे. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सोन्याच्या पावत्या काढून त्यावरचे नाव वाचून येऊया.