कच्चं लिंबू

लहानपणी आमच्या वाड्यात डबा ऐसपैस रंगला की धाकटं भावंड रडत मागे लागायचं. मग त्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायचो. त्याने पळायचं, लपायचं, पण सापडलं तरी राज्य त्याच्यावर यायचं नाही. वर्षभरात ते आपोआप पक्कं होऊन आमच्यावरच राज्य आणायचं! ही पद्धत कुणी काढली कोण जाणे, पण शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत इतकं शहाणपण मला क्वचितच सापडलं.

हे आठवायचं कारण, माझ्या वयाच्या बऱ्याच जणी (आणि काही चाळिशीतलेही) विचारतात, “तुम्ही म्हणे नातवाबरोबर मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळता? आम्हाला बाई भीतीच वाटते.” कशाची? मोबाइलची म्हणावी तर सुडोकू, रमी सगळं चालतं. भीती असते ती ‘माझ्यामुळे बाकीचे हरले तर?’ याची. फळ्यापाशी बोलावलेल्या मुलाचा हात गणित येत नाही म्हणून थरथरत नाही, मागे पन्नास जोडी डोळे आहेत म्हणून थरथरतो. ती हीच.

मी खेळते तो बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, त्यानंतर २०२१ साली खास भारतासाठी हा आला. (२०२२-२३ मध्ये काही महिने तोही बंद होता. नातवाने तेव्हा जवळजवळ सुतक पाळलं.) १०० जण विमानातून उड्या मारतात, चौघाचौघांचे संघ, मैदान हळूहळू आकसत जातं आणि शेवटी उरेल तो संघ जिंकतो. म्हणजे २५ संघांतले २४ हरणारच! हा हिशोब मांडला की निम्मी भीती तिथेच संपते. भल्याभल्यांचे संघ रोज हरतात, त्यात आपला एक.

आणि कच्च्या लिंबाची सोय इथेही आहे, फक्त कुणी मुद्दाम सांगत नाही. नवख्याच्या सुरुवातीच्या सामन्यांत समोरचे बरेचसे भिडू माणसं नसतातच, यंत्राने चालवलेले बॉट असतात. त्यांचा नेमही बेताचाच. शिवाय सरावाचं मैदान वेगळं आहे, तिथे हरणं-जिंकणं काही नाही. आठवडाभर तिथेच रमलात तरी कुणी हसत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की नवख्याने नेमबाजीच्या मागे लागूच नये. सोबत्याला गोळ्या लागल्या की तो लगेच बाद होत नाही, खाली पडून रांगतो. कुणी जवळ जाऊन दहाएक सेकंद त्याच्यापाशी बसलं की पुन्हा उभा राहतो. आधी धुराचा गोळा टाकायचा, मग जायचं. मी पहिले दोन महिने हेच केलं. त्या दहा सेकंदांत छाती धडधडते, नाही असं नाही, पण ती आपली फजिती होईल म्हणून नाही, तो पोरगा वाचेल ना म्हणून. हात थरथरायचे माझे तिथे थांबले.

अनोळखी लोकांचा आवाज मात्र खुशाल बंद ठेवावा. ‘शत्रू समोर आहे’ असं सांगायला तयार वाक्यांची बटणं असतात, तेवढी पुरतात. नवख्याला शिव्या देणं ‘खेळात चालायचंच’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. फळ्यापाशी अडलेल्याला हसणारा मुलगा मी वर्गात कधी खपवून घेतला नाही, इथे का घ्यावा?

बंदुका मुलांच्या हाती कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागते आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. मला तर तीनही जास्तच वाटतात. असो.

मी एवढा खटाटोप का करते? नातू बंगळूरला शिकतो. फोनवर “हो, जेवलो. बरा आहे. ठेवू?” एवढंच. खेळात मात्र “आजी, भिंतीमागे ये, हेल्मेट ठेवलंय तुझ्यासाठी” अशी अखंड बडबड. आणि एकदा, पुढचा सामना सुरू व्हायची वाट पाहताना, तो सहज बोलून गेला ते त्याने तोवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. काय ते इथे लिहिणार नाही, त्याने माझ्यावर विश्वास टाकला आहे. त्या रात्री आम्ही पुढचा सामना खेळलोच नाही, दीड तास बोलत बसलो.

रविवारी दुपारी चारनंतर आम्ही खेळतो. नातू, त्याचा मित्र आणि मी, असे तिघंच आहोत. चौथी जागा रिकामी आहे. वहिनी, तुमचं नाव मी परस्पर सांगून ठेवलंय. चार्जर जवळ घेऊन बसा, मोबाइल फार तापतो.