संकटातली भरती आणि तलासरीचा तरुण

2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आकसली. जो तो माणसं कमी करत होता. त्याच काळात मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने महाविद्यालयांतून निवडलेल्या सुमारे 40 हजार तरुणांना दिलेला शब्द पाळला. काही महिने पगारवाढ थांबवली, पण नोकरकपात टाळली. 2021-22 मध्ये तर कंपनीच्या मनुष्यबळात एक लाखाहून अधिक भर पडली.

याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण हा परोपकार नव्हता. बँका, शाळा, व्यापार एकदम ऑनलाइन गेले, काम वाढलं, म्हणून माणसं लागली. मागणी मंदावल्यावर, 2025 मध्ये, त्याच कंपनीने सुमारे 12 हजार जणांची कपात जाहीर केली.

माझा प्रश्न वेगळा आहे. ही लाखभर माणसं आली कुठून? 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत धावते. चर्चगेट इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत. तरीही डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात, नाहीतर उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत. टाळेबंदीत ही दोन्ही कामं थांबली आणि त्यांची मजुरीही. घरून काम करायला आधी घरात लॅपटॉप लागतो, मोबाइलला रेंज लागते आणि मुलाखतीपुरतं तरी इंग्रजी लागतं.

डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. प्रदूषण करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना इथे बंदी आहे आणि ती असावी, असंच माझं मत आहे. चिकूच्या वाड्या आणि खाड्या त्यामुळेच टिकल्या. पण मग धूर न सोडणारा रोजगार आधी इथेच यायला हवा. संगणकावरचं काम याहून वेगळं काय आहे?

राज्य सरकार आयटी कंपन्यांना मुद्रांक शुल्कात, वीजशुल्कात सवलती देतं. हा पैसा डहाणू-तलासरीकरांचाही आहे. सवलतीच्या बदल्यात एवढीच अट घाला: भरतीची परीक्षा तलासरीतही घ्या, आणि तिच्या आधी सहा महिने इथल्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांना इंग्रजी आणि संगणक शिकवा. पुढच्या मंदीत कंपनीने भरती काढली, तर त्या यादीत इथल्या पाड्यांवरची नावंही दिसली पाहिजेत.