कोंबडीचे कलम बांधता येत नाही

डिचोलीकडच्या माझ्या एका मित्राने गेल्या वर्षी कडकनाथची आठ पिल्ले आणली. विकणाऱ्याने त्याला मोबाईलवर काळ्याभोर अंड्यांनी भरलेल्या टोपलीचा फोटो दाखवला होता. सहा-सात महिने दाणा घातला, मुंगसापासून राखली आणि एके दिवशी पहिले अंडे मिळाले. ते निघाले फिकट, सायीच्या रंगाचे. मित्राचा फोन आला, ''अरे, हे तर आमच्या गावठीसारखेच अंडे! फसवले मला.''

फसवले हे खरे, पण कोंबडीने नव्हे. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, भिल्ल-भिलाल्यांनी सांभाळलेली जात. तिचे मांस, कातडी, हाडेसुद्धा काळसर. त्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अंडे मात्र साधेच. काळे अंडे घालणारी कोंबडी जगात कुठेच नाही. तरीही या काळ्या रंगाच्या नावाने आपल्या शेजारी काय घडले ते आठवा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याच्या तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदवले गेले.

काळे नाही, पण गडद चॉकलेटी रंगाचे अंडे घालणारी कोंबडी मात्र खरोखर आहे. तिचे नाव मारां. (फ्रेंच लोक शेवटी 'स' लिहितात, उच्चारत नाहीत.) मित्राची समजूत घालता घालता मी तिच्याविषयी वाचत गेलो आणि मला आपल्याच परसातल्या कोंबडीविषयी काही सुचले. ते सांगण्यासाठी हा लेख.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, ला रोशेल बंदराजवळ मारां नावाचा गाव आहे. भोवतालचा मुलूख पाणथळ. बांध घालून, कालवे खोदून, समुद्राचे पाणी अडवून मिळवलेली जमीन. वर्णन वाचताना आपल्या खाजनांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्या दलदलीत हिंडणाऱ्या गावठी कोंबड्या आणि बंदराला लागणाऱ्या इंग्रज जहाजांवरचे झुंजीचे कोंबडे यांच्या संकरातून ही जात झाली असे तिथे परंपरेने सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधली लांगशान कोंबडी युरोपात आली. तिचे रक्त मारांमध्ये मिसळले आणि अंड्याचा रंग गडद होण्यात त्याचा मोठा वाटा आहे असे मानतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या शेवटी पाळणाऱ्यांनी आपली संघटना काढली आणि जातीचे निकष ठरवले. म्हणजे ज्याला आज 'शुद्ध वारसा' म्हणतात त्याच्या मुळाशी गावठी, इंग्रज आणि चिनी असा तिहेरी संकर आहे. शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

या अंड्याचा रंग येतो कसा? कोंबडीच्या पोटात अंड्याचे कवच तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात. त्यातल्या शेवटच्या काही तासांत प्रोटोपोर्फिरिन नावाच्या तपकिरी रंगद्रव्याचा थर कवचावर चढतो. म्हणजे रंग बाहेरून लागतो. अंडे फोडून आतून पाहिले तर कवच फिकट दिसते. ओले असताना घासले तर रंगावर ओरखडा उठतो. त्या रंगाचा चवीशी काही संबंध नाही. इयान फ्लेमिंगच्या १९५७ च्या कादंबरीतला जेम्स बाँड न्याहारीला मारां कोंबडीचेच तपकिरी अंडे खातो. ही त्याची हौस म्हणायची, जिभेची परीक्षा नव्हे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हा रंग टिकत नाही. तरुण कोंबडीची पहिली अंडी सर्वात गडद असतात. हंगाम चढतो तसतशी ती फिकट होत जातात. पिसे झडून, विश्रांती घेऊन कोंबडी पुन्हा बसली की रंग परततो. एकाच कोंबडीची ही कथा. पिढ्यांचे तर विचारूच नका. गडद रंग एखाद्या जनुकावर नाही, अनेकांवर अवलंबून असतो. पाळणाऱ्याचे लक्ष उडाले की दोन-चार पिढ्यांत अंडे साध्या तपकिरी रंगावर येऊन थांबते.

म्हणून तिथले जाणकार १ ते ९ अंकांचा रंगतक्ता वापरतात. ४ च्या खालच्या अंड्याला मारांचे अंडे म्हणतच नाहीत. उबवायला निवडलेलीच अंडी ठेवायची. कोणत्या कोंबडीने कोणते अंडे घातले हे कळण्यासाठी ती आत शिरताच दार पडणारी खुराडी ठेवायची, पायात क्रमांकाचे कडे घालायचे आणि वहीत लिहायचे. सर्वात अवघड भाग कोंबड्याचा. तो अंडे घालत नाही, पण रंगाचा अर्धा वाटा त्याचा. त्याची पारख त्याच्या आईच्या अंड्यावरून आणि पुढे त्याच्या मुलींच्या अंड्यांवरून. त्या मुली अंड्यावर यायला सहा-सात महिने. म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी वर्षभर थांबायचे. शिवाय नुसत्या रंगामागे लागलात आणि त्याच घरातले नर-मादी जुळवत राहिलात, तर अंडी फुटत नाहीत, पिल्ले अशक्त निघतात. रंग हवा आणि जीवही हवा, ही दोरीवरची कसरत आहे.

इथे मला आपल्या मानकुरादची आठवण होते. हे नाव 'मालकोरादा' या पोर्तुगीज शब्दावरून आले असे सांगतात. अर्थ, रंग नीट न आलेला. गंमत पाहा, त्यांनी रंगावरून नावे ठेवली आणि आपण चवीवरून त्याला राजा केले! २०२३ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानकुराद टिकवणे एका अर्थाने सोपे आहे. चांगल्या झाडाचे कलम बांधले की तेच झाड पुन्हा मिळते. आजोबांनी एकदा निवड केली, नातू त्यावर आंबे खातो.

कोंबडीचे कलम बांधता येत नाही. प्रत्येक पिलू हे नवे मिश्रण असते. आजोबांची निवड आजोबांपुरती, नातवाला ती नव्याने करावी लागते. आपण मंदिर, वाडा, जुनी पोथी सांभाळतो ती कुलूप लावून. जिवंत वारसा कुलपात राहत नाही. म्हणूनच मला वाटते, जात विकत मिळते ही समजूतच मुळात चुकीची. विकत मिळतात त्या आठ कोंबड्या. जात राहते ती पाळणाऱ्याच्या निवडीत.

मग आपल्या गावठी कोंबडीचे काय? आपल्या पांढऱ्या गाईला 'श्वेत कपिला' हे नाव आणि देशी जात म्हणून नोंद मिळाली. आगोंदच्या डुकराचीही तशी नोंद झाली. कोंबडीला मात्र आपण 'गावठी' या एका शब्दात गुंडाळून ठेवली आहे. बाजारात तिच्या अंड्याला जास्त पैसे मोजतो, मग कोणीतरी फार्मची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून तेच पैसे घेऊन जातो. रंग पाहून वस्तू घेणाऱ्यांच्या नशिबी हेच यायचे.

गावठीचे मोठेपण रंगात नाहीच. माझी आजी खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची ती निवडून. कोणत्या कोंबडीची पिल्ले घारीपासून वाचतात, कोण आषाढातल्या पावसात तग धरते, कोण सगळी पिल्ले शेवटपर्यंत सांभाळते, हे तिला तोंडपाठ असे. त्या निवडीला तिने कधी शास्त्र म्हटले नाही, पण मारांचे जाणकार वहीत लिहितात तेच ती डोक्यात ठेवत होती. सुधारित जाती अंडी जास्त देतात, त्यांना माझा विरोध नाही. गरजू घराला त्यांचा आधार होतो. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांचे नर गावात मोकळे फिरले की काही वर्षांत आपल्या कोंबडीतला तो आईपणाचा गुणही फिकट होणार, मारांच्या अंड्यासारखा. आणि तो फिकट होताना कोणाला दिसणारही नाही, कारण त्याचा रंगतक्ता नाही.

म्हणून मित्राला मी एवढेच सुचवले. कडकनाथ ठेव, हौस म्हणून ठेव, फक्त वेगळ्या खुराड्यात ठेव. आणि आईच्या वेळच्या त्या चार गावठी कोंबड्यांच्या पायात कडी घाल. एक वही कर. कोणी किती अंडी उबवली, किती पिल्ले जगली ते लिही. दर दोन वर्षांनी पलीकडच्या वाड्यावरचा चांगला कोंबडा आण, आपला त्यांना दे. एका घराचे हे काम नाही, पाच-सहा घरे तरी हवीत.

परवा त्याचा फोन आला. वही झाली आहे. पहिल्या पानावर चार कोंबड्या, पण कोंबडा कोणता ठेवायचा यावर घरात दोन मते आहेत. आईला लाल हवा, त्याला तुरेवाला. मी म्हटले, आईला विचार, लाल का? उत्तर वहीत लिहून ठेव.