बेड्या पडल्यानंतरचा इन्स्पेक्टर

झाडीपट्टीत मंडईचे आणि रात्रभराच्या नाटकांचे दिवस सुरू झाल्यापासून ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडून रसिकांची पत्रे येत आहेत आणि तक्रार एकच आहे: नाटकातला इन्स्पेक्टर. पहाटे तिसऱ्या अंकात येतो, पिस्तूल रोखतो, बेड्या घालतो, पडदा. खुनाचा छडा लावता लावता त्या माणसाच्या आत काय मोडले, याची लेखकाला चौकशीच नाही.

टीव्हीवर मात्र ‘सीआयडी’तल्या एसीपी प्रद्युम्नला स्वतःच्या मुलावर गोळी झाडावी लागली. ब्रिटिश ‘प्राइम सस्पेक्ट’ची जेन टेनिसन १९९१ मध्ये उभारीने आली आणि २००६ च्या शेवटच्या भागात दारूत बुडालेली, एकटी, निवृत्तीच्या दारात होती. टीव्हीच्या लेखकांनी तपासाची किंमत तपास करणाऱ्याकडून वसूल होताना दाखवली.

आपल्याकडे तर हे दुःख अंगणातले आहे. गडचिरोलीतल्या लाहेरीला २००९ मध्ये नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक. त्या प्रेतांचाही पंचनामा कोणीतरी लिहिला आणि मग घरी जाऊन आईशी बोलला असेल. तशी घरे आपल्याच मंडपात नाटक बघायला येतात.

आपले लेखक सांगतात, शांत प्रवेश लिहिला होता, नाटक कंपनीने कापून तिथे डान्स घातला. खरे आहे, आणि संतापजनक आहे. पण मूळ दुखणे तालमीचे आहे. बऱ्याच कंपन्या मोजक्या तालमींवर नाटक उभे करतात, बाकी सगळा भार प्रॉम्प्टरवर. प्रॉम्प्टर वाक्य देईल. पण पंचनामा करून आलेला माणूस ताटासमोर बसतो आणि त्याच्याने घास उचलवत नाही, ती दोन मिनिटे त्याने कशी द्यायची? तालीम नसलेला नट ती शांतता सोसू शकत नाही, म्हणून ओरडतो. निर्माते म्हणतात, रसिक उठून जातील. थंडीत रात्रभर बसणाऱ्या रसिकाबद्दल असे बोलू नका!

लेखकांनो, पुढच्या संहितेत बेड्यांनंतर एक घरचा प्रवेश लिहाच. त्याआधी निवृत्त तपास अधिकाऱ्याकडे जाऊन बसा, त्याच्या घरच्यांचेही ऐका. निर्मात्यांनो, त्या प्रवेशाच्या दोन तालमी प्रॉम्प्टरविना घ्या. नटांनी बुकिंग घेतानाच तालमीच्या तारखा मागाव्यात, आगाऊ रकमेइतक्याच ठामपणे. लिहिलेले प्रवेश आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकांतून छापू. नवी नाटके बसायला लागण्यापूर्वी ते कंपन्यांच्या हाती पडले पाहिजेत.